"600 रुपये लुटले" या रिव्ह्यूला एअर रायफल शूटिंग रेंजच्या मालकाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

रविवारी तुम्हाला 40 मिनिटं थांबावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. लाईट गेली होती. आमच्या इन्व्हर्टरवर दिवे चालतात, टार्गेट पुढेमागे नेणाऱ्या मोटरी चालत नाहीत. मे महिन्यात नागपुरात बंद कूलरसमोर बसणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको, मी रोज बसतो. ती 40 मिनिटं तुमच्या अर्ध्या तासात धरली नव्हती. तरी चूक आमचीच.

आता त्या 600 रुपयांचं. तुम्ही लिहिलंय की "एक छर्रा अडकला तर 600 रुपये उकळले, मालक अरेरावी करतो आणि त्याला बंदुकीतलं काडीचंही कळत नाही". भाऊ, छर्रा एक नव्हता. दोन होते. आणि एकही आमचा नव्हता.

पावती पुन्हा बघा. लेन अर्धा तास, 50 छर्र्यांसकट 250. नळी साफ करणं आणि ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं), 600. ते 50 छर्रे तुम्हाला मोजून दिले होते. त्यातले 38 डबीत तसेच राहिले, कारण तुम्ही खिशातून स्वतः ओतलेले काढले. टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचं जुनं शिसं आणलं, घरच्या गॅसवर वितळवलं आणि ऑनलाइन मागवलेल्या साच्यात ओतलं, हे तुम्हीच नंतर मोठ्या हौसेनं सांगितलं. आधी सांगितलं असतं तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

"विदेशात लोक लिव्हर-ॲक्शन रायफलमध्ये घरी ओतलेल्या गोळ्या, कमी दारू भरून, आरामात मारतात" असं तुम्ही सुनावलंत (लिव्हर-ॲक्शन म्हणजे खालचा दांडा ओढून काडतूस भरायची रायफल). खरं आहे, मारतात. 1873 ची विंचेस्टर आली तेव्हा ती शिशाच्याच गोळीवर चालायची. दारू कमी भरली की धक्का कमी, आवाज कमी, नळीला त्रास कमी, आणि टार्गेटला तेवढा जोर पुरतो. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, पुढच्याच्या, ठोका बसला की पेटणाऱ्या, कॅपवर मागच्या गोळीचं नाक टेकलेलं असतं, म्हणून ते लोक चपट्या नाकाची गोळी ओततात. तेवढं मलाही ठाऊक आहे. माझ्या वडिलांचा जन्म अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर गेला. आमच्या घरी मायक्रोमीटर देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असायचा, आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही.

पण त्या गोळीमागे जळणारी दारू असते. जुन्या .44-40 काडतुसाची गोळी 200 ग्रेनची, म्हणजे जवळपास 13 ग्रॅम. दारू कितीही कमी केली तरी शेकडो ज्युलचं काम. ती गोळी नळीपेक्षा किंचित जाडच ठेवतात, मेण-ग्रीस लावतात, आणि दारूचा दाब तिला नळीच्या आतल्या पीळदार आट्यांमध्ये बळंच घुसवतो. आमच्या रायफलमध्ये आहे हवा. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा, सेकंदाला साधारण 170 मीटर, हिशोब केला तर साडेसात ज्युल. तो छर्रा मऊ शिशाचा, कंबर बारीक, मागून पोकळ. हवा त्या पोकळीत शिरते, मागचा घेर फुलतो आणि नळीला चिकटून पुढे सरकतो. सगळी करामत त्या पोकळीची. तुमचा छर्रा भरीव. वर बॅलन्सिंगच्या शिशात अँटिमनी असतं, ते साध्या शिशापेक्षा कडक. साडेचार मिलिमीटरच्या नळीत तो जाऊन बसला तो बसलाच.

बरं, इथवरही मी काही बोललो नसतो. नवखा माणूस आहे, होतं. पण टार्गेटवर भोक दिसलं नाही तेव्हा तुम्ही आमच्या कामाच्या पोराला हाक मारली नाही. दुसरा घेतला, तो बसेना म्हणून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबला. त्यात ओ-रिंग फाटली. तुम्ही ज्यांचं उदाहरण देता ना, त्या हातानं काडतूस भरणाऱ्यांची सगळ्यात मोठी भीती हीच असते. दारू फार कमी पडली, गोळी नळीतच राहिली, आवाज वेगळा आला तरी माणसानं दुसरी मारली, की नळी फुगते नाहीतर फुटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, हे आमच्याकडे नववीतल्या पोरींनाही पाठ आहे. आमची हवा म्हणून निभावलं.

ते दोन छर्रे काढायला मला सव्वा तास लागला. रायफल अडीच लाखांची आहे, कर्जावर घेतलेली. तिच्या नळीत गज घालताना माझा हात थरथरत होता, मजुरी लावायचं सुचलंही नाही. 600 मध्ये ओ-रिंग, तिचं कुरियर आणि साफसफाईचं सामान आलं. त्या दिवशी त्या लेनवर सरावाला आलेल्या दोन मुली तशाच परत गेल्या, त्याचं बिल कोणाला लावू?

अरेरावी म्हणाल, तर मी दोन गोष्टी मोठ्यानं बोललो. एक, शिसं हाताळून त्याच हातानं समोसा खाऊ नका, साबणानं हात धुवा. तिथे लहान मुलं बसली होती, आवाज चढला हे मान्य. दुसरी, तुम्ही विचारलंत की आजोबांच्या रायफलीची रिकामी काडतुसं आणतो, हलकी भरून द्याल का. नाही देणार. आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि दारूगोळ्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही धरली आहेत. आमची एअर रायफल 20 ज्युलच्या आत आणि .177 ची (म्हणजे तीच साडेचार मिलिमीटरची), म्हणून तिला परवाना लागत नाही. तेवढ्यावरच माझं दुकान उभं आहे. ते मी कोणाच्या हौसेपायी घालवू?

तुमचा रिव्ह्यू आल्याच्या दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला, उन्हाळी शिबिरासाठी दोन मुलांची नावं दिली होती त्यांनी. "तुमच्याकडे बंदूक फुटते म्हणे?" दोन्ही नावं गेली. 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळालं तेव्हा आमच्याकडे रांग लागली होती. ती रांग कधीच ओसरली, आता एकेका प्रवेशावर भाडं निघतं. लेक म्हणत होती, पप्पा उत्तर देऊ नका, लोक विसरतात. मला झोप येईना.

बाहेरचे छर्रे चालणार नाहीत असा बोर्ड नव्हता, तो आमचा दोष. बोर्ड करायला टाकलाय. इन्व्हर्टरचंही बघतो. 600 पैकी 300 परत देतो, चूक कबूल म्हणून नाही, तुम्ही गरमीत बसलात म्हणून. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, फक्त "एक" च्या जागी "दोन" करा.

तुमचे ते छर्रे आणि साच्याची चिमटी काउंटरवर डबीत ठेवली आहे. रविवारी 11 च्या आधी या, नंतर शाळेची मुलं असतात.