काका केळकरांच्या पुण्यात पितळ मोडीत

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. रिडेव्हलपमेंटसाठी एक घर रिकामं होत होतं आणि घरातलं सगळं तांबं-पितळ काट्यावर चढत होतं. बंब, तपेली, समयांची जोडी, आणि घोड्याच्या तोंडाचा एक सुरेख अडकित्ता. म्हटलं, अहो, हा तरी ठेवा. तर म्हणे, "आता सुपारी कातरतंय कोण?"

तेव्हापासून डोकं फिरलंय.

आणि हे कुठे, तर काका केळकरांच्या पुण्यात! दिनकर गंगाधर केळकर. ना सरदार, ना कारखानदार. चष्म्याचं दुकान चालवायचं आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायच्या. 1920 च्या सुमारास या गृहस्थांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली ती आयुष्यभर. अडकित्ते, दिवे, दौती, सोंगट्या, वाद्यं, वाड्यांचे कोरीव दरवाजे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषसुद्धा आणून पुन्हा उभे केले. वीस हजारांच्या वर वस्तू! आणि एवढं सगळं जमवून अखेर सरकारच्या हवाली केलं. तुमच्या-माझ्यासाठी.

कॉलेजात असताना आत्या मला पहिल्यांदा त्यांच्या संग्रहालयात घेऊन गेली. मला हत्यारं बघायची होती. ती मात्र वज्र्यांच्या कपाटापुढून हलेना. वज्री म्हणजे टाच घासायची; खालून खरखरीत, वर मूठ. त्या मुठींवर पक्षी घडवलेले. आत्या म्हणाली, "पाय घासायच्या वस्तूवर एवढी मेहनत कुणी घेतली असेल गं?"

कुणी घेतली, ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्या तांबटाने ती घडवली आणि ज्या बाईने न्हाणीघरात वापरली, त्यांची कुणी कधी दखल घेतली होती? काकांनी घेतली. तलवारी जपणारे पुष्कळ असतात हो, वज्री जपणारा एखादाच! मी तर यालाच कलेला आश्रय देणं म्हणते. नाहीतर आपल्याकडचे दानशूर: बागेत दोन बाकडी द्यायची आणि पाठीवर तीन पिढ्यांची नावं रंगवायची. संताप येतो!

इथे नाव कुणाचं आहे? राजा दिनकर केळकर. कित्येकांना अजून वाटतं की कुठल्याशा राजाचा संग्रह असेल. अहो, राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांचा असताना गेला. हे कळल्यावर मी पुन्हा एकटीच गेले होते, आणि त्या वज्र्यांपुढे मला नीट उभं राहवेना. स्वतःचं लेकरू गेलेला बाप लोकांच्या घरातल्या टाकलेल्या वस्तू उचलून आणतो, पुसतो, मांडतो. 1990 मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन काका गेले. एवढ्या वर्षांत किती वेळा त्या मुलाचं नाव दारावर वाचलं असेल त्यांनी!

मान्य, वन बीएचकेत बंब कुठे ठेवणार. संग्रहालयाची जागाही अपुरी आहे, वीस हजारांतल्या जेमतेम अडीच हजार वस्तू मांडलेल्या असतात, हेही खरं. पण अडकित्ता? तो खिशात मावतो हो!

सकाळी त्या घरच्या काकूंवर जरा आवाज चढला माझा. त्यांचा तरी काय दोष, त्यांना कुणी आत्यासारखं हात धरून नेलंच नसेल. आपण पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवतो, सारसबाग दाखवतो, आणि केळकर संग्रहालयावरून रिक्षा तशीच पुढे काढतो.

येत्या शनिवारी भाचीला घेऊन जाणार आहे. त्या काकूंनाही विचारलंय, बघू म्हणाल्या. आणखी कुणाला यायचं असेल तर कळवा. बसनेच या, बाजीराव रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि पोरांना वज्र्यांच्या कपाटापाशी घाई करू नका.