आधी निकाल, मग तत्त्वज्ञ

एखादा नैतिक वाद पेटला की आपणही त्यात तत्त्वज्ञानाची भर घालावी असे वाटत असेल, तर एक पथ्य कसोशीने पाळावे: आधी निकाल ठरवावा आणि मगच तत्त्वज्ञ शोधावा. उलट क्रमाने गेल्यास विचार करावा लागतो आणि तोवर वाद थंडावतो.

प्रश्न भाषणस्वातंत्र्याचा आणि वक्ता आपल्या बाजूचा असेल, तर जॉन स्टुअर्ट मिल यांना पाचारण करावे. दुसऱ्याला इजा होत नाही तोवर कोणाच्या स्वातंत्र्यावर बंधन नको, हे त्यांचे १८५९ सालचे म्हणणे अजून खणखणीत वाजते. मात्र त्यांच्या धान्यव्यापाऱ्याला चर्चेत येऊ देऊ नये. ‘व्यापारी गरिबांना उपाशी मारतात’ असे छापायला मिल यांची हरकत नाही. पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे उच्चारले, तर शिक्षा योग्य ठरू शकते, असे ते म्हणतात. आपला वक्ता नेमका त्या घरासमोरच उभा असतो.

वक्ता विरुद्ध बाजूचा निघाला, तर कार्ल पॉपर. असहिष्णूंना अमर्याद सहिष्णुता दाखवली तर सहिष्णुताच नष्ट होते, हा विरोधाभास त्यांनी १९४५ साली मांडला, तोही एका टिपेत. ती टीप पूर्ण वाचण्याचा मोह आवरावा. कारण लगेच पुढे ते बजावतात की, अशा मतांना युक्तिवादाने उत्तर देता येते आणि जनमताच्या बळावर आवर घालता येतो तोवर त्यांची मुस्कटदाबी करणे शहाणपणाचे नाही. बळाचा हक्क ते राखून ठेवतात खरा, पण समोरचा युक्तिवादच झिडकारून मुठी आणि पिस्तुले वापरू लागेल, त्या वेळेसाठी. एवढा धीर धरायचा, तर पॉपर हवेत कशाला?

जॉन रॉल्स यांचा १९७१ सालचा अज्ञानाचा पडदा जपून वापरावा. समाजातले आपले स्थान विसरून न्यायाची तत्त्वे ठरवावीत, ही कल्पना इतरांना सुचवण्यासाठी उत्तम आहे. स्वतःच्या पडद्याला मात्र डोळ्यांच्या उंचीवर एक बारीक भोक पाडावे. वारसा कराचा विषय निघाला की त्यातून वडिलोपार्जित घर दिसत राहिले पाहिजे.

पुढाऱ्यांच्या थापांसाठी जोडी तयारच आहे. आपल्या पुढाऱ्याची थाप बेंथम यांच्या तराजूत घालून बहुसंख्यांचे सुख मोजावे. विरोधकाच्या थापेसाठी कांट काढावेत, ज्यांनी १७९७ साली मित्राच्या जिवावर उठलेल्या खुन्याशीही खोटे बोलू नये असे लिहिले. दोन्ही थापा एकाच दिवशी उघड झाल्या (असे दिवस हल्ली वरचेवर येतात), तर सकाळी कांट आणि संध्याकाळी बेंथम घ्यावेत. मध्ये जेवून एक डुलकी काढावी, म्हणजे दोघांची गाठ पडत नाही.