जँगो 6.0 आला म्हणून सेलेरी उपटून टाकू नका

पुण्यातल्या कॉलेजांच्या आणि क्लासेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘जँगो 6.0 मध्ये बॅकग्राउंड टास्क आतच आलेत, सेलेरी आणि रेडिस उडवा, सर्व्हरचा खर्च निम्मा करा. सीएसपी आल्यामुळे एक्सएसएस संपलं. जुनी व्हर्जन्स बंद होतायत, आजच अपग्रेड करा, पाच मिनिटांचं काम.’ नवख्यांसाठी: जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायची तयार चौकट, सेलेरी म्हणजे मेल पाठवण्यासारखी कामं (टास्क) मागच्या मागे चालवणारं साधन, आणि रेडिस त्या कामांची रांग ठेवतो. सीएसपी म्हणजे पानावर कुठलं स्क्रिप्ट चालू द्यायचं हे ब्राउझरला सांगणारं धोरण, आणि एक्सएसएस म्हणजे पानात परकं स्क्रिप्ट घुसवणारा हल्ला. कर्वेनगरला राहून एका दुकानासाठी फराळाच्या ऑर्डरींची साइट करणाऱ्या माझ्या भाच्यानं तो वाचला आणि रिक्वायरमेंट्स फाइलमधून (साइटला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) सेलेरीची ओळ काढूनही टाकली. तेव्हा आता लिहिणं आलंच.

सगळ्यात घातक मुद्दा सेलेरीचा. 3 डिसेंबर 2025 ला जँगो 6.0 आला, त्यात ‘जँगो डॉट टास्क्स’ आहे, इथपर्यंत खरं. पण त्याच्या रिलीज नोट्समध्येच स्वच्छ लिहिलंय की जँगो टास्क तयार करतो आणि रांगेत लावतो. ते चालवणारा वर्कर (वेगळा चालू राहणारा प्रोग्रॅम) देत नाही, ती व्यवस्था बाहेरून करायची. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तो परिच्छेद अर्धाच वाचलेला दिसतो.

सोबत येणारे बॅकएंड, म्हणजे रांगेत लावलेल्या टास्कचं काय करायचं ते ठरवणारे भाग, दोनच. ‘डमी’ टास्क चालवतच नाही, नुसती नोंद ठेवतो; तो टेस्टसाठी. ‘इमिजिएट’ टास्क तिथल्या तिथे, त्याच रिक्वेस्टमध्ये चालवतो. सेटिंग्जमध्ये काहीच लिहिलं नाही तर हाच मिळतो. म्हणजे ‘एनक्यू’ (रांगेत लाव) म्हटलं तरी रांग नाही आणि बॅकग्राउंडही नाही.

लॅपटॉपवर हे कळत नाही, कारण तिथे बहुतेकांचा मेल टर्मिनलवरच छापला जातो, क्षणात. प्रॉडक्शनवर बघा. जँगो चालवणाऱ्या जीयुनिकॉर्न सर्व्हरचे तीन सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारे) आहेत आणि मेल सर्व्हरला एका मेलला 4 सेकंद लागतात असं धरा. मग मिनिटाला जास्तीत जास्त 45 ऑर्डरी, आणि त्या चालू असताना नुसती चकलीचा भाव बघायला आलेली माणसंही ताटकळत. मेल सर्व्हर अडकला तर 30 सेकंदांनी जीयुनिकॉर्न वर्करला मारतो आणि त्याच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स 502 ही चूक दाखवतो. ऑर्डर मात्र डेटाबेसात पोचलेली असते. गिऱ्हाईक पुन्हा बटण दाबतं आणि दोन किलो चकलीची चार किलो होते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हे निस्तरायचं कुणी?

मेल फसला तर पुन्हा प्रयत्न? तोही आपोआप होत नाही. टास्कमधली चूक लॉगमध्ये जाते, स्थिती ‘फेल्ड’ होते, आणि समोरच्याला ‘ऑर्डर मिळाली, मेल पाठवला आहे’ असं पान दिसतं. सेलेरीतल्या रिट्राय (पुन्हा प्रयत्न) आणि बीट (ठरल्या वेळी टास्क सुरू करणं) या दोन्ही गोष्टी इथे नाहीत. रोज सकाळी 6 वाजता ऑर्डरींची यादी काढायची असेल तर क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) तुम्हीच लावायचा.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. दिवसाला चाळीस-पन्नास मेल पाठवणाऱ्या साइटला सेलेरी अधिक रेडिस हा जडच संसार आहे. तिथे डेटाबेसातच रांग ठेवणारा बॅकएंड वेगळ्या पॅकेजमधून घेता येतो आणि ‘डीबी वर्कर’ ही कमांड चालू ठेवावी लागते. ती सिस्टमडीखाली (प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू करणारी लिनक्सची व्यवस्था) ठेवा, नाहीतर सर्व्हर रीस्टार्ट झाला की रांग नुसती वाढत बसेल. टास्कला ऑर्डरचा ऑब्जेक्ट देऊ नका, आयडी द्या. जेसनमध्ये (डेटा साध्या मजकुरात लिहायची पद्धत) न बसणारं काहीही तिथेच अडतं. आणि ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसातले बदल एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द) आतून ‘एनक्यू’ करायचं असेल तर ते ‘ऑन कमिट’मध्ये, म्हणजे बदल पक्के झाल्यावर चालेल असं, टाका. नाहीतर वर्कर ऑर्डर शोधायला जातो तेव्हा ती अजून कमिटच झालेली नसते, किंवा ऑर्डर रद्द होते आणि मेल मात्र निघून जातो.

‘जुनी व्हर्जन्स बंद होतायत’ यात अर्धं सत्य आहे. 4.2 चे सुरक्षा दुरुस्त्यांचे दिवस एप्रिल 2026 पर्यंतचे, म्हणून त्यावरून हलायलाच हवं. पण हलून जायचं कुठे? 5.2 हे एलटीएस (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारं व्हर्जन) आहे, त्याला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. 6.0 एलटीएस नाही, त्याच्या दुरुस्त्या एप्रिल 2027 ला थांबतात. दुकानदाराला साइट करून देऊन मोकळे होणार असाल तर 5.2 वर द्या.

‘पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्यानं स्वतः अपग्रेड केलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. 6.0 ला पायथन 3.12 किंवा पुढचं लागतं. स्वस्तातल्या सर्व्हरवर उबुंटू 22.04 असेल तर तिथलं पायथन 3.10. तिथे पिपनं (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) जँगो अपग्रेड केला की तो तक्रार न करता 5.2 बसवतो, आणि मग ‘जँगो डॉट टास्क्स’ नावाचं मॉड्यूलच सापडत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात.

त्याहून वाईट प्राथमिक कीचं, म्हणजे टेबलातल्या प्रत्येक नोंदीच्या आयडीचं. आयडीचा प्रकार ठरवणारी ‘डीफॉल्ट ऑटो फील्ड’ ही सेटिंग न लिहिल्यास आधी ऑटो फील्ड मिळायचं, 6.0 मध्ये ते मोठ्या आकड्यांचं बिग ऑटो फील्ड झालंय. 3.2 च्या आधी सुरू केलेल्या प्रोजेक्टमध्ये ही सेटिंग बहुधा लिहिलेलीच नसते, आणि वॉर्निंग वर्षानुवर्षं दुर्लक्षित असते. अशा ठिकाणी मेक मायग्रेशन्स चालवलं की तुमच्या मॉडेलांच्या आयडीसाठी मायग्रेशन्स (डेटाबेसाची रचना बदलणाऱ्या फाइली) तयार होतात. ती पोस्टग्रेस डेटाबेसवर न बघता चालवली तर अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जातं आणि तोवर कुलूपबंद राहतं. आधी सेटिंग्जमध्ये जुनं ऑटो फील्ड स्पष्ट लिहा, मग अपग्रेड करा. की मोठी करायचीच असेल तर ती नंतर, रात्री, बॅकअप घेऊन.

सीएसपीबद्दल इतकंच: मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो जँगोचा थर) लावून धोरण लिहिल्याशिवाय तो काहीच करत नाही, आणि टेम्प्लेटमध्ये ‘सेफ’ फिल्टर (मजकूर न तपासता जसाच्या तसा छापणारा) फासून ठेवलेलं भोक तो बुजवत नाही. कडक धोरण लावलंत तर एचटीएमएलमधली ऑनक्लिकवाली बटणं मरतात. नॉन्स (स्क्रिप्टला परवानगी देणारी एकदाच वापरायची खूण) स्क्रिप्ट टॅगला चालतो, ऑनक्लिकला नाही. म्हणून आधी रिपोर्ट ओन्लीवर (न अडवता नुसती तक्रार नोंदवणारं) ठेवा, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये काय काय अडलं असतं ते बघा, ती बटणं वेगळ्या जेएस फाइलमधून जोडा आणि मगच धोरण लागू करा.