ऑगस्ट १९१४ ची गर्दी वाचायची कशी?

सीमेवर काही घडलं की आपल्याकडच्या वाहिन्या रात्रीच्या चर्चेत निकाल देऊन मोकळ्या होतात: देशाला युद्ध हवंय! पुरावा काय, तर एका चौकातल्या घोषणा. इथे जर्मनीत अशाच एका चौकाचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. २ ऑगस्ट १९१४, पहिलं महायुद्ध पेटत असताना म्युनिकचा ओडिओन्सप्लात्झ, पुढे हिटलरचा छायाचित्रकार झालेल्या होफमानने टिपलेली गर्दी आणि तिच्यात तरुण हिटलर. हे चित्र या रूपात झळकलं १९३२ साली, ऐन निवडणुकीत. चेहरा मागाहून घुसवला असावा, असा काही इतिहासकारांचा संशय आहे. चेहऱ्याचं जाऊ द्या, गर्दी तरी कुणाची? रविवारी शहराच्या मध्यभागी जमलेल्यांची. पाचच दिवस आधी बर्लिनमध्ये समाजवाद्यांच्या युद्धविरोधी सभांना लाखभर लोक आले होते. इतिहासकार जेफ्री वेर्हे यांनी त्या दिवसांची वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा जल्लोष मुख्यतः शहरी मध्यमवर्गाचा आणि विद्यार्थ्यांचा निघाला. बाकीचे बँकेतून पैसे काढत होते, धान्य भरून ठेवत होते.

फ्रान्समध्ये इतिहासकार ज्यां-जाक बेकर यांना याहून चांगलं घबाड सापडलं: गावोगावच्या शाळामास्तरांनी सरकारच्या सांगण्यावरून लिहिलेल्या नोंदी. शारांत जिल्ह्यात युद्धासाठी सैन्यात हजर होण्याच्या हुकुमाची घंटा वाजली तेव्हाच्या प्रतिक्रियांपैकी ५७ टक्के खिन्न किंवा नाराज, २३ टक्के उत्साही. मात्र काही दिवसांनी हीच माणसं गाडीत चढली तेव्हा फलाटावरचा सूर बदललेला होता. म्हणून पुराव्यावर तारीख आधी बघायची, मग लिहिणाऱ्याची नोकरी. मास्तर सरकारी पगारदार होता आणि बरंचसं मागाहून आठवून लिहीत होता.

ब्रिटनमध्ये तारखेचा हा खेळ आणखी ठळक दिसतो. युद्ध पुकारलं ४ ऑगस्टला; भरतीचा उच्चांक आला ३ सप्टेंबरला, एका दिवसात ३३ हजारांवर. मधल्या काळात बेल्जियममधल्या मॉन्सहून ब्रिटिश सैन्याच्या माघारीच्या बातम्या आल्या होत्या. याला उन्माद म्हणायचं की धास्ती?

आपल्या टिळकांचंही तसंच. मंडालेहून जूनमध्ये सुटका, ऑगस्टअखेर युद्धात ब्रिटिश सरकारला पाठिंब्याचं पत्रक. ते वाचताना सरकारविरोधी मजकुरावर छापखान्याचा जामीन जप्त करणारा १९१० चा प्रेस कायदा शेजारी ठेवावा लागतो.

तरी वाहिन्यांना नावं ठेवणारे आपले शांततावादी मित्र वेगळं काय करतात? 'सामान्य माणसाला युद्ध कधीच नको असतं' म्हणताना ते ५७ टक्क्यांचा आकडा उचलतात आणि फलाट गाळतात.