कॉर्सच्या एररवर ‘नो-कॉर्स’ हा उपाय नाही

प्रकल्प जमा करण्याचे दिवस जवळ आले की नागपुरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. कॉर्सची (एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनची माहिती वाचू द्यावी, ही परवानगी सर्व्हरने ब्राउझरला कळवण्याच्या पद्धतीची) एरर आली म्हणजे सर्व्हरने विनंती फेटाळली, तीच विनंती पोस्टमन या सर्व्हरला विनंत्या पाठवून पाहण्याच्या अ‍ॅपमध्ये चालते म्हणजे दोष ब्राउझरचा, आणि फेच या विनंती पाठवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञेमध्ये ‘नो-कॉर्स’ लिहिले की काम झाले, असे त्यात सांगितलेले असते. यातला एकही दावा टिकत नाही, आणि शेवटच्या दाव्यापायी मुलांचा फार वेळ वाया जातो.

पहिला दावा घेऊ. समजा, कळमना बाजारातील संत्र्यांचे भाव दाखवणारे पान लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच संगणकाच्या, ३००० पोर्टवर आहे आणि भाव पुरवणारा सर्व्हर ५००० पोर्टवर. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही जुळले तरच ब्राउझर ओरिजिन एक मानतो. त्यामुळे संगणक एकच असूनही येथे ओरिजिन दोन ठरतात. भाव मागणारी साधी गेट विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, तो २०० स्टेटससह, म्हणजे विनंती यशस्वी झाल्याचे सांगत, उत्तरही पाठवतो, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याची नोंद दिसते. मात्र उत्तरात ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हे हेडर, म्हणजे उत्तरासोबतची परवानगीची ओळ, नसल्यामुळे ब्राउझर ते उत्तर पानावरील जावास्क्रिप्टला वाचू देत नाही. जेसन या साच्यात माहिती पाठवणाऱ्या पोस्ट विनंतीचे तसे नसते. तेथे ब्राउझर आधी ऑप्शन्स विनंती पाठवून परवानगी विचारतो आणि ती मिळाली नाही तर मूळ विनंती निघतच नाही. म्हणून एरर दिसताच आधी लॉग पाहावा.

पोस्टमनचा दाखला तर येथे लागूच होत नाही. नेटस्केपने १९९५ मध्ये समान ओरिजिनचा नियम आणला, तो एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्याची माहिती वाचता येऊ नये म्हणून. एका टॅबमध्ये बँकेचे लॉगिन चालू असताना दुसऱ्या टॅबमधील अनोळखी पानाने खात्याचा तपशील वाचू नये, ही ब्राउझरची जबाबदारी आहे. पोस्टमनमध्ये असे परके पान नसतेच. हे संरक्षण वापरकर्त्याचे आहे, सर्व्हरचे नव्हे, आणि कॉर्सच्या भरवशावर एपीआयला, म्हणजे सर्व्हरच्या माहिती देणाऱ्या भागाला, लॉगिनची तपासणी न ठेवणे मला फार धोक्याचे वाटते.

‘नो-कॉर्स’ लिहिल्यावर ब्राउझरच्या कन्सोलमधली एररची लाल ओळ जाते, पण हाती येणाऱ्या उत्तराचा स्टेटस ० असतो आणि मजकूर रिकामा दिसतो. शिवाय पाठवलेली माहिती जेसन आहे हे सांगणारे कंटेंट-टाइप हेडर ब्राउझर गुपचूप गाळतो, त्यामुळे सर्व्हरला ती माहिती साधा मजकूर वाटते.

दुरुस्ती सर्व्हरवरच करावी लागते. लॉगिन नसलेल्या खुल्या भावांसाठी ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हेडरमध्ये तारांकन (*), म्हणजे कोणतेही ओरिजिन, चालते. कुकीसह विनंती असेल तर ब्राउझर तारांकन मानत नाही, तेथे पानाचे ओरिजिन पूर्ण आणि जसेच्या तसे लिहावे लागते. ३००० नंतर एक तिरकी रेघ जास्तीची पडली, तरी ते जुळत नाही.