लग्न लागले, संप त्याआधीच हरला होता

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी गिरणी-कादंबऱ्यांविषयी एक ठाम मत वाचकांच्या गप्पांत आणि समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. ते थोडक्यात असे: या कादंबऱ्या मालक-मजूर संघर्षाचा आव आणतात आणि अखेरीस श्रीमंत गिरणीमालक व गरीब नायिका यांचे लग्न लावून मोकळ्या होतात, नायिकेच्या प्रेमाने मालकाला पाझर फुटतो, त्यामुळे संप मिटतो, मजूर मात्र चिमणीच्या धुरासारखे मागे कुठेतरी दिसत राहतात, आणि लिहिणाऱ्या बायका धर्मोपदेशकांच्या घरातल्या, त्यांना गिरणी आतून काय ठाऊक असणार. पुरावा म्हणून बहुधा एकाच कादंबरीचे नाव घेतले जाते, ते म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’. सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात ती डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८५५ मध्ये दोन खंडांत पुस्तकरूपाने निघाली. या मतात एक-दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत, परंतु ज्या गोष्टी सर्वांत छातीठोकपणे सांगितल्या जातात त्या पुस्तकात नाहीत, म्हणून मूळ कादंबरी समोर ठेवूनच हे मुद्दे तपासलेले बरे.

पहिली गोष्ट, नायिका गरीब मजुरीण नाही. मार्गारेट हेल ही दक्षिणेकडील हॅम्पशायरमधल्या एका खेड्याच्या धर्मोपदेशकाची मुलगी. वडिलांना चर्चच्या मतांविषयी शंका येऊ लागते, ते सदसद्विवेकाला स्मरून पद सोडतात आणि कुटुंब मिल्टन या कापडगिरण्यांच्या शहरात येते. हे मिल्टन म्हणजे जवळजवळ उघडपणे मँचेस्टर. घरात पैसा बेताचा, चांगली मोलकरीण मिळण्याचीही मारामार. पण मार्गारेट लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर मावशीकडे वाढलेली आहे आणि व्यापारउदीम करणारी माणसे तिला आपल्या बरोबरीची वाटत नाहीत. उलट गिरणीमालक जॉन थॉर्नटनच्या वडिलांनी सट्ट्यात सर्वस्व घालवून आत्महत्या केलेली आहे. कोवळ्या वयात तो कापडाच्या दुकानात लागला, आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवू लागला आणि आईने घर असे चालवले की त्यातले तीन शिलिंग नेमाने शिल्लक पडत. पैसा वराकडे आहे आणि कुलीनपणा वधूकडे आहे. हे दोघे समाजाच्या वरच्याच दोन मजल्यांवरचे आहेत. खालच्या मजल्यावरचा विणकर निकोलस हिगिन्स या प्रेमकथेत कोणाचाच जोडीदार नाही.

मालक-मजूर प्रेमाचा धागा गॅस्केलबाईंनी त्याआधी एकदा हाताळला होता आणि त्याचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८४८ च्या ‘मेरी बार्टन’मध्ये गिरणीमालकाचा मुलगा हॅरी कार्सन शिवणकाम शिकणाऱ्या मेरीच्या मागे लागतो आणि तीही काही काळ मोठ्या घरच्या स्वप्नात हरवते. पुढे मजुरांच्या गटाने चिठ्ठी टाकून ठरवलेला खून तिच्याच बापाच्या वाट्याला येतो आणि हॅरी मारला जातो. मेरी लग्न करते ते जेम विल्सन या कारागिराशी, आणि दोघे कॅनडाला निघून जातात. या दोन वर्गांचे लग्न लावण्याची संधी लेखिकेपुढे आयती होती. तिने ती घेतली नाही. १८४५ च्या डिझरायलीकृत ‘सिबिल’चे नावही अशा वेळी घेतले जाते, पण तिथली ‘गरीब’ नायिका शेवटी मोठ्या जहागिरीची वारस निघते, म्हणजे तेही लग्न बरोबरीच्यांचेच. गरीब-श्रीमंत विवाहाचा हा जो साचा सांगितला जातो, तो या कादंबऱ्यांपेक्षा आपल्याकडच्या कृष्णधवल चित्रपटांना अधिक लागू पडतो.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा: प्रेमामुळे संप मिटतो. यासाठी कथेचा क्रम नीट पाहावा लागतो, कारण सगळे उत्तर त्या क्रमातच आहे. संप पुस्तकाच्या मध्याच्या आसपासच मोडतो. थॉर्नटनने आयर्लंडहून मजूर आणून गिरणीत ठेवले आहेत हे कळल्यावर संपावरचा जमाव गिरणीच्या फाटकावर धडकतो. मार्गारेट त्या वेळी योगायोगाने मालकाच्या घरात आहे. खाली उतरून या माणसांशी माणसासारखे बोला, असे तीच थॉर्नटनला सुनावते आणि मग आपणच त्याला संकटात लोटले हे ध्यानात येताच धावत जाऊन त्याच्यापुढे उभी राहते. कोणीतरी फेकलेला लाकडी बूट चुकतो; मागून आलेला खडा तिच्या कपाळाला लागतो आणि रक्ताची धार पाहून जमाव ओसरतो. दुसऱ्या दिवशी थॉर्नटन तिला मागणी घालतो. ती नकार देते, आणि तो साधा नकार नाही: आपण जे केले ते संकटातल्या कोणाही माणसासाठी केले असते, हे ती त्याला तोंडावर ऐकवते. संप मोडतो तो या प्रसंगाने कोणाचे हृदय वितळले म्हणून नव्हे. दंगा झाल्यामुळे मजुरांच्या संघटनेची बाजू लोकांच्या नजरेतून उतरते आणि तिच्यात फूट पडते म्हणून. शांतता राखा, हा संघटनेच्या समितीचा हुकूम होता आणि आपल्याच माणसांनी तो धुळीला मिळवला, म्हणून हिगिन्स संतापाने धुमसत राहतो.

मालक आणि मजूर यांच्यात पुढे जे थोडेफार जुळते, ते कधी जुळते? प्रेम जवळजवळ संपल्यावर. मध्यंतरी मार्गारेटचा भाऊ फ्रेडरिक चोरून इंग्लंडात येऊन गेला आहे. नौदलातल्या बंडामुळे सापडला तर त्याला फाशीच. त्याला वाचवण्यासाठी ती पोलिसांशी खोटे बोलते. रात्री स्थानकाजवळ तिला एका अनोळखी तरुणाबरोबर पाहिलेल्या थॉर्नटनला वाटते की तिचा कोणी प्रियकर आहे. अशा कडवट मनःस्थितीत हिगिन्स त्याच्याकडे काम मागायला येतो. जगण्याला कंटाळून जीव दिलेल्या बाउचर नावाच्या विणकराची पोरे हिगिन्सने आपल्या घरी आणलेली आहेत आणि त्यांच्यासाठी संघटनेचा हा खंदा माणूस ताठ मान खाली घालून फाटकाशी उभा आहे. थॉर्नटन त्याला हाकलून देतो. मग त्याला समजते की हा माणूस आपली वाट पाहत पाच तास उभा होता. तो चौकशी करतो, पोरांची गोष्ट खरी आहे याची खात्री करून घेतो आणि स्वतः हिगिन्सच्या घरी जाऊन त्याला काम देतो. हिगिन्सला पाठवणारी मार्गारेटच होती हे त्याला तिथे पोहोचल्यावर कळते, आणि ते कळून त्याच्या मनाला सुख होत नाही. मालकाच्या मनात फरक पडला त्याचे कारण ते पाच तास आहेत. एवढा प्रसंग जरी लक्षात घेतला तरी ‘प्रेमाने मालक बदलला’ हे वाक्य पुन्हा लिहिणे कठीण जावे.

त्यापुढची भोजनगृहाची हकिकतही याच सुराची आहे. हिगिन्सच्या घरी जेवण म्हणून शिजत असलेला मांसाचा करपलेला, तेलकट तुकडा थॉर्नटनच्या नजरेस पडतो. धान्य महागल्यावर त्याला सुचते की घाऊक खरेदी करून एकत्र स्वयंपाक केला तर मजुरांना स्वस्त आणि बरे अन्न मिळेल. हिगिन्स प्रथम ही कल्पना उडवून लावतो आणि काही दिवसांनी जवळजवळ तीच योजना मजुरांची म्हणून घेऊन येतो. थॉर्नटनला राग येतो, तो गिळतो आणि मग केवळ खरेदीपुरता कारभारी होऊन राहतो. मजुरांनी बोलावले तर त्यांच्यात बसून जेवतो, न बोलावता जात नाही. मालकाने भीक घालायची नाही आणि मजुराने ती घ्यायची नाही, ही दोघांची अट इतक्या बारकाईने सांभाळणारी लेखिका प्रश्नावर गुळाचा लेप देत होती असे म्हणणे मला तरी जमत नाही. मार्गारेट लवकरच वडिलांच्या मृत्यूनंतर लंडनला निघून जाते आणि हे सारे तिच्यावाचून चालू राहते.

‘बायकांना गिरणी काय ठाऊक’ या तिसऱ्या मुद्द्याला फार जागा द्यायची गरज नाही. गॅस्केलबाई १८३२ मध्ये लग्न होऊन मँचेस्टरला आल्या त्या मृत्यूपर्यंत तिथल्याच राहिल्या. पती क्रॉस स्ट्रीटच्या युनिटेरियन प्रार्थनागृहाचे धर्मोपदेशक होते. तिथे येणाऱ्यांत गिरणीमालकही होते, आणि बाईंचे मदतीच्या कामानिमित्त मजुरांच्या वस्त्यांत जाणे होते. परंतु चरित्रापेक्षा पुस्तकातला एक तपशील जास्त बोलका आहे. हिगिन्सची एकोणीस वर्षांची मुलगी बेसी क्षीण होत चालली आहे, कारण ती कार्डिंगच्या खात्यात काम करत असे. कापूस पिंजताना त्याचे बारीक तंतू पांढऱ्या धुळीसारखे हवेत भरून राहतात आणि छातीत जाऊन बसतात, असे ती मार्गारेटला सांगते. हवा खेचून ही धूळ बाहेर टाकणारे मोठे चाक खोलीच्या टोकाला बसवता येते. त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काहीच होत नाही, म्हणून फार थोडे मालक ते बसवतात. बेसी इथेच थांबली असती तर ती लेखिकेने बोलायला उभी केलेली बाहुली वाटली असती. ती पुढे सांगते की काही मजुरांनाही ते चाक नको असे, कारण वर्षानुवर्षे तंतू गिळायची सवय झालेल्या माणसांना स्वच्छ हवेत भूक जास्त लागे आणि अशा ठिकाणी मजुरी वाढवून मिळाली पाहिजे असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य घरी बसून सुचणारे नाही. गिरणगावात ज्यांचे आजोबा कार्डिंग खात्यात खोकत घरी आले त्यांना ते दोनदा वाचावेसे वाटेल. ही कादंबरी क्रमशः सुरू झाली त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांच्या कापडगिरणी कंपनीची स्थापना झाली आणि तीच धूळ इकडेही यायची होती.

बाउचरचा शेवटही असाच न चुकवता दाखवलेला आहे. तो बुडून मरतो तो ओढा रंगकामाच्या पाण्याने गढूळ झालेला आहे आणि लोक त्याचे प्रेत उचलून आणतात तेव्हा त्याच्या चेहऱ्याला त्या पाण्याचा रंग लागलेला असतो.

मजूर मागे धुरासारखे दिसतात, हा समज माझ्या मते बऱ्याच अंशी २००४ च्या बीबीसी मालिकेतून आला असावा, कारण हल्ली पुस्तकापेक्षा तीच अधिक पाहिली जाते. तिच्यात मार्गारेट प्रथमच गिरणीत पाऊल टाकते तेव्हा बर्फासारखे तंतू उडत आहेत आणि थॉर्नटन एका मजुराला बडवतो आहे. पुस्तकात ही भेट हॉटेलच्या खोलीत, भाड्याच्या घराविषयी बोलण्यासाठी, अगदी कोरडेपणाने होते. मालिकेचा शेवट रेल्वे स्थानकावरच्या चुंबनाने होतो. पुस्तकाचा शेवट हार्ली स्ट्रीटवरील घरातल्या मागच्या दिवाणखान्यात, हिशेबाच्या कागदांपाशी होतो. मालिका चांगली आहे. पण तिच्यावरून कादंबरीला दोष देऊ नये.

आता ज्या ठिकाणी टीका लागू पडते ते मान्य करू. कादंबरीच्या आधी नुकताच प्रेस्टनचा मोठा संप होऊन गेला होता. दहा टक्के मजुरीवाढीच्या मागणीतून ऑक्टोबर १८५३ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि १८५४ च्या वसंतात मजूर वाढ न मिळवता कामावर परतले. तो संप एकंदरीत शिस्तीचा होता. डिकन्सने स्वतः जानेवारी १८५४ मध्ये तिथे जाऊन त्या शिस्तीची नोंद केली. मिल्टनमध्ये मात्र दंगा होतो. संघटनेच्या दडपणाने माणूस कसा पिळून निघतो, हे बाउचरच्या निमित्ताने जेवढे ठळक होते तेवढी प्रेस्टनसारखी महिनोन्‌महिने वर्गणीवर तग धरणारी एकजूट ठळक होत नाही. मालकांच्या बाजूने कललेला पक्षपात शोधायचा तर तो लग्नात नाही, इथे आहे. दुसरी कच्ची जागा म्हणजे वारसा. समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्ये या कादंबऱ्यांची गटवारी करून चर्चा केली, तेव्हा त्यांचे बोट याच वारशावर होते, आणि ते रास्त आहे. वडिलांचे स्नेही मिस्टर बेल मरतात आणि त्यांची मिल्टनमधली मालमत्ता मार्गारेटला मिळते. थॉर्नटनचे दिवाळे निघण्याच्या बेतात असताना नेमका पैसा हातात येतो, हा लेखिकेने घेतलेला सोपा मार्ग आहे.

परंतु त्या पैशाचे पुढे काय होते तेही सांगायला हवे. थॉर्नटन बुडतो तो संपामुळे अडकलेल्या मागण्या आणि मंदावलेला बाजार यांनी. बहिणीचा नवरा वॉटसन सट्ट्यात ओढत असताना, घेणेकऱ्यांचा पैसा पणाला लावणार नाही म्हणून तो नकार देतो आणि ज्यांनी सट्टा खेळला ते श्रीमंत होतात. मार्गारेट त्याच्यासमोर जो प्रस्ताव ठेवते त्यात अठरा हजार सत्तावन्न पौंडांचा आकडा आहे. बँकेत ही रक्कम अडीच टक्क्यांवर पडून आहे, तुम्ही त्याहून जास्त व्याज द्या, असे तिचे म्हणणे. ती आता त्याच्या गिरणीच्या जागेची मालकीण आहे आणि होऊ पाहणारी धनकोही. त्या वेळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे वेगळा विश्वस्त-करार केला नाही तर पत्नीचा असा पैसा लग्नाबरोबर पतीचा होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे त्याने मागणी घातली आणि तिने ती स्वीकारली की कर्जाचा तो सगळा नेटका मसुदाच निरर्थक होतो, आणि हे १८५५ च्या वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते.

मजुरांचा प्रश्न मात्र त्या दिवाणखान्यात कोणी सोडवत नाही. त्याच सुमारास लंडनमधल्या एका मेजवानीत पार्लमेंटचे एक सदस्य थॉर्नटनला विचारतात की तुमच्या प्रयोगांनी संप थांबतील का. तो म्हणतो, तेवढी आशा मला नाही. संप इतके विषारी द्वेषाचे होऊ नयेत, इतकेच झाले तरी पुष्कळ. त्याला दिलासा देणारी गोष्ट त्याच्या हाती आधीच आलेली असते: पुन्हा स्वतःची गिरणी चालवू शकलात तर आम्ही तुमच्याकडेच काम करू, असा मजुरांनी मिळून सह्या केलेला एक कागद.