पीटीचा तास गणिताला देऊ नका

शाळेतल्या पीटीवरच्या (शारीरिक शिक्षणावरच्या) लेखात म्हटलंय की परीक्षा जवळ आल्या की पीटीचा तास गणित-सायन्सला जातो, अगदी खरंय, वाचून जीव तुटला. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते आणि आपण आठवड्याचे दोन तास पण धड देत नाही. युनेस्कोने तर १९७८ मध्येच शारीरिक शिक्षण हा मूलभूत हक्क मानलाय!

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. तास झाला तरी खेळतं कोण, तर टीममधली दहा-बारा चपळ पोरं, बाकीचे कडेला बसून टाळ्या वाजवतात आणि जाड मुलं किंवा दमा असलेली मुलं यांना तर कोणी विचारतच नाही, खरं तर हा तास त्यांच्यासाठी पण आहे ना. दमा असला तरी नीट वॉर्मअप करून, इनहेलर जवळ ठेवून खेळता येतं, हे सर-मॅडमना माहीत पाहिजे. मार्क पण पळण्याच्या टायमिंगवर नकोत, मागच्या महिन्यापेक्षा स्वतः किती सुधारला त्यावर द्या. कॉलेजात हजेरीची सही झाली की संपलं, तिथे निदान पोहणं, धावणं, योगा यातलं एक निवडू द्या, जे पुढे चाळिशीतही करता येईल.